पाखरांचे पालक : डॉ. सलीम अली

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात किल्लारी हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भीषण भूकंपामुळे या गावाचे नाव साऱ्या देशाला माहीत झाले. तेरणा नदीच्या या खोऱ्यातील जमीन काळी व कसदार आहे. तीत ज्वारी, तूर, हरभरा ही पिके डोलतात. परंतु नदीपासून दूर गेले, म्हणजे जागोजागी मुरमाड माळ लागतो. कुसळीचे गवत, एखादी बोरी, एखादी बाभळ, याहून अधिक काही तेथे दृष्टीस पडत नाही. जाणारायेणारा त्या माळाला पडीक म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पण पहाटेच्या वेळी अशा माळावर कोणी क्षणभर थांबला, तर आकाशात उंच चढून गाणारा चंडोल त्याच्या कानी पडतो. आपल्या अंड्यांपाशी कोणी आले, या भीतीने टिटवी टाहो फोडते. गवतातून तितर भर्रकन उठतात. माणसाने ज्याला पडीक म्हटले, ते या पाखरांचे नांदते घर असते.

१९३१ साली हा सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्या वर्षी संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. कोणता पक्षी कोठे राहतो, काय खातो, केव्हा घरटे करतो, याची नोंद गावोगाव, रानोरान हिंडून करावयाची होती. हे काम अंगावर घेणारा गृहस्थ मुंबईचा होता. शरीराने किरकोळ, पण चालण्यात काटक. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्या वेळी हाती नोकरीही नव्हती. होती ती एक दुर्बीण, एक टिपणवही आणि न थकणारी जिज्ञासा. पुढे साऱ्या जगाने ज्यांना भारतातील थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान दिला, ते डॉ. सलीम अली हेच होत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदाबेगम यांनी केला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. खेतवाडीतील त्यांच्या घरात ही भावंडे मायेने वाढली.

मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी छोट्या सलीमला एक छर्ऱ्यांची बंदूक आणून दिली. मुलगा त्या बंदुकीने चिमण्या टिपू लागला. त्या काळी शिकारीत कोणास वावगे वाटत नसे. एके दिवशी त्याने पाडलेली एक चिमणी नेहमीच्या चिमणीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, आणि तो खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्याला पडला. त्याने ती चिमणी मामांस दाखविली. मामांनाही उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी भाच्याला एक चिठ्ठी दिली आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली होती आणि मामा तिचे सभासद होते.

त्या दिवसांत गोऱ्या साहेबासमोर उभे राहावयाचे, म्हणजे मुलांच्या उरात धडकी भरे. कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी हाती घेऊन हा मुलगा भीत भीत संस्थेच्या दारात गेला. मिलार्ड यांनी त्याला प्रेमाने जवळ बोलाविले. चिमणी पाहताच त्यांनी तिची जात सांगितली. मग त्यांनी एकामागून एक खण उघडले आणि पेंढा भरून जपून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले. त्यांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे जतन करावे, हे शिकण्याची सोयही करून दिली. मुलगा घरी परतला, तो दुसराच होऊन. आपण ज्यांना सरसकट पाखरे म्हणतो, त्यांच्यात इतके प्रकार आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी आहे, हे त्याला प्रथमच उमगले होते. एका चिमणीचा जीव गेला, परंतु त्यामुळे पुढे लक्षावधी पक्ष्यांना एक पालक मिळाला. सलीम अली ही चिमणी जन्मभर विसरले नाहीत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी तिच्यावरूनच ठेवले.

शालेय व महाविद्यालयीन शिक्षणात मात्र त्यांचे चित्त रमले नाही. गणिताशी त्यांचे जमत नसे. महाविद्यालयाचे शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे गेले. तेथे त्यांच्या कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालची अरण्येच त्यांना अधिक प्रिय झाली. १९१७ साली ते मुंबईस परतले. १९१८ साली त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. उपजीविकेसाठी हिशेबाचे शिक्षण आणि मनासाठी प्राणिशास्त्राचा अभ्यास, असे दोन्ही त्यांनी एकाच वेळी केले. पण पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. आपले ज्ञान अपुरे आहे, असे त्यांना तेथे जाणवू लागले. तेव्हा रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात स्ट्रेसमान या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. १९३० साली ते परत आले, तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली होती.

वयाची तिशी उलटलेली, परदेशी जाऊन शिक्षण घेतलेले आणि हाताला काम नाही, अशा स्थितीत पुष्कळजण हताश झाले असते. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेले. घराजवळच्या एका झाडावर पावसाळ्यात सुगरणींची वसाहत भरली. आडोशाला बसून ते दररोज तासन् तास त्या पक्ष्यांचे वर्तन टिपून ठेवू लागले. सुगरण हे नाव स्त्रीचे, म्हणून घरटे मादीच विणते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते विणतो नर. तो अर्धे घरटे बांधून थांबतो. मग माद्या येतात, घरटी पारखून पाहतात आणि पसंत पडेल त्यात शिरतात. मादीने पसंती दिली, म्हणजेच नर ते घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली, की तो जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. शेकडो वर्षे डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट एवढ्या बारकाईने कोणी नोंदवली नव्हती. हा शोध १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि जाणकारांचे लक्ष या बेकार तरुणाकडे वळले. जे सहज दिसते, तेही नीट पाहिल्यावाचून कळत नाही, हा धडा त्यांना किहीमच्या त्या झाडाने दिला.

यानंतर त्यांनी एक नवी वाट काढली. त्या काळी भारतात अनेक संस्थाने होती आणि बहुतेकांच्या हद्दीतील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंद झालेली नव्हती. फिरण्याचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा, वेतन नको, या अटीवर त्यांनी हे काम मागून घेतले. हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असा हा प्रवास वर्षानुवर्षे चालला. कधी बैलगाडी, कधी पायवाट. कधी तंबू, कधी गळके विश्रामगृह. दिवसा हिंडावयाचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहावयाची. मोठ्या घरात वाढलेल्या तेहमिनाबाईंनी ही सारी दगदग आनंदाने सोसली. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींच्या जीवनातील हा सर्वांत मोठा आघात होता. त्यानंतर त्यांनी आपले उरलेले सारे आयुष्य पक्ष्यांनाच वाहिले.

या भटकंतीत त्यांनी केवळ पक्ष्यांची यादी केली नाही. कोणता पक्षी कोणत्या जागी का राहतो, याचा ते कसून शोध घेत. धनेशाला अंडी घालण्यासाठी जुन्या, थोराड वृक्षाची ढोली लागते. बगळे व करकोचे यांना उथळ पाणी आणि पाण्यालगतची झाडे लागतात. चंडोलाला झाड नको, त्याला मोकळा माळच हवा. वृक्ष तोडला, तर धनेश माळावर जाऊन राहत नाही. तळे आटले, तर बगळा झाडाच्या पाल्यावर जगत नाही. तेव्हा पक्षी वाचवावयाचा, तर प्रथम त्याचे घर वाचविले पाहिजे. आणि घर वाचवावयाचे, तर कोणाचे घर कोठे आहे, हे आधी नेमके ठाऊक असले पाहिजे. साऱ्या देशाची भूमी पाखरांसाठी मोकळी ठेवता येणार नाही, कारण माणसालाही शेत हवे, पाणी हवे, घर हवे. म्हणून ज्या जागा राखावयाच्या, त्या विचारपूर्वक निवडल्या पाहिजेत. सलीम अलींच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया हा होता.

या विचाराची कसोटी राजस्थानातील भरतपूर येथे लागली. भरतपूरजवळ केवलादेव नावाचे एक उथळ, पाणथळ रान आहे. अजान बांधाचे पाणी त्यात सोडले जाई आणि हिवाळ्यात तेथे बदकांचे व अन्य पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत. भरतपूरच्या महाराजांची ती शिकारीची राखीव जागा होती. बडे पाहुणे आले, की तेथे बंदुकांचा बार उडे. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. योगायोग असा, की तो दिवस सलीम अलींच्या वाढदिवसाचा होता.

स्वातंत्र्य मिळाले आणि या जागेपुढे वेगळेच संकट उभे राहिले. देशात अन्नधान्याची टंचाई होती. पाणी शेतीला द्यावे, तळे कोरडे करून तेथे पिके घ्यावीत, अशी मागणी भोवतालच्या लोकांनी केली. ही मागणी अन्यायाची होती, असे म्हणता येणार नाही. उपाशी माणसाला धान्य हवेच असते. परंतु अवघी २९ चौरस किलोमीटरांची ही जागा नांगराखाली गेली असती, तर हजारो मैलांवरून येणाऱ्या पाखरांना उतरावयास ठाव उरला नसता. अन्य ठिकाणी शेत करता आले असते, पण असे पाणथळ रान पुन्हा निर्माण करता आले नसते. सलीम अलींनी हा प्रश्न थेट पंतप्रधान पंडित नेहरू यांच्यापुढे मांडला. ते रान वाचले. १९५६ साली ते पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत कायम होता. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली.

हे पक्षी येतात कोठून, हेही सलीम अलींना जाणून घ्यावयाचे होते. १९५९ च्या सुमारास त्यांच्या संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने एक मोठे काम हाती घेतले. पक्षी अलगद जाळ्यात धरावयाचा, त्याच्या पायात क्रमांक कोरलेला हलका वाळा घालावयाचा आणि त्याला सोडून द्यावयाचे. तोच पक्षी दूर देशी कोणाच्या हाती लागला, तर वाळ्यावरील पत्त्यावरून खबर येई. अशा खबरा रशियाच्या मुलखातून आल्या आणि भारतात हिवाळा काढणारे पक्षी हिमालय ओलांडून येतात, याचा पुरावा हाती आला. यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. अशा पाखराला एकच घर पुरत नाही. जेथे ते अंडी घालते, जेथे ते वाटेत विसावते आणि जेथे ते हिवाळा काढते, त्या सर्व जागा राखल्या गेल्या, तरच ते जगते. साखळीचा एक दुवा तुटला, तर सारी साखळी निकामी होते. सैबेरियातून भरतपूरला येणारे शुभ्र क्रौंच पक्षी २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत. भरतपूरचे पाणी राखले गेले होते, परंतु त्यांच्या दीर्घ मार्गावरील सर्वच ठिकाणी त्यांना अभय मिळाले नव्हते.

वृद्धापकाळीही सलीम अलींचे लक्ष अशाच जागांवर खिळलेले असे. केरळातील सायलेंट व्हॅली या दाट, सदाहरित अरण्यात कुंती नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली. हे अरण्य फार पुरातन असून सिंहासारखी आयाळ असलेल्या दुर्मीळ वानरांचे ते निवासस्थान आहे. सलीम अलींनी त्या अरण्यास भेट दिली आणि योजना सोडून द्यावी, असे आवाहन केले. अनेक शास्त्रज्ञ, कवी व शिक्षक यांनी हीच मागणी लावून धरली. अखेर धरणाचा बेत रद्द झाला आणि १९८४ साली सुमारे ९० चौरस किलोमीटरांचे ते अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरले.

घनदाट अरण्याचे महत्त्व पाहणाऱ्यास पटकन पटते. तळ्याचेही पटते. सर्वांत कठीण होते, ते उघड्या माळाचे महत्त्व पटविणे. दख्खनच्या माळरानांवर पूर्वी माळढोक नावाचा एक भव्य पक्षी वावरत असे. त्याची उंची सुमारे एक मीटर आणि नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. तो टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य असे काहीही खातो. मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. शिकारी, नांगर आणि झाडांची लागवड या तिन्हींनी त्याचे घर आक्रसत गेले. ओसाड जागी झाडे लावणे हे पुण्याचे काम, अशी सर्वांची समजूत. पण माळढोकाला झाडांची गर्दी म्हणजे घरातून हुसकावणेच होय. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली, तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव सुचविले होते. त्या निमित्ताने या उपेक्षित पक्ष्याकडे आणि त्याच्या माळाकडे देशाचे लक्ष जाईल, हा त्यांचा हेतू होता. तो मान १९६३ साली मोराला मिळाला.

किल्लारीच्या पश्चिमेस, सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर माळढोक अजून टिकून होता. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केले. १९८१ पासून सलीम अलींच्या संस्थेने नान्नज येथे या पक्ष्याच्या जीवनाचा अभ्यास सुरू केला. हेतू उत्तम होता. परंतु अभयारण्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर आखले गेले. त्यात शेतकऱ्यांची शेते आली, गावे आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या व्यवहारात लोकांना अडचणी येऊ लागल्या आणि पाखराविषयी माया वाटण्याऐवजी रोष वाढू लागला. पुढील काळात हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोवर पुष्कळ वर्षे लोटली होती. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. केवळ नकाशावर मोठी रेघ ओढल्याने पक्षी वाचत नाही. योग्य माळ निवडावा लागतो आणि त्या माळाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे मनही आपलेसे करावे लागते.

असाच एक कटू अनुभव भरतपूरनेही दिला. तेथे भोवतालच्या खेड्यांतील गुरे, विशेषतः म्हशी, पिढ्यान् पिढ्या चरत असत. गुरांमुळे पाखरांना उपद्रव होतो, म्हणून चराई थांबवावी, असे सलीम अली व अन्य तज्ज्ञ यांचे मत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष पेटला आणि त्यात काही माणसांचे प्राणही गेले. त्यानंतर जे घडले, त्याने जाणकारही चकित झाले. म्हशी जाताच पाणथळीत गवत बेसुमार माजले. उथळ पाणी त्याने झाकून टाकले आणि अनेक पाणपक्ष्यांना भक्ष्य शोधणे कठीण झाले. म्हशी गवत खात होत्या, म्हणूनच तेथे पाणी मोकळे राहत होते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

ही चूक उघडकीस आणली, ती सलीम अलींच्याच संस्थेने. १९८० पासून सुमारे दहा वर्षे तिच्या शास्त्रज्ञांनी भरतपूरच्या पाण्याचा, गवताचा, माशांचा व पक्ष्यांचा अभ्यास केला आणि १९९१ साली आपला निष्कर्ष निर्भयपणे मांडला. तोपर्यंत सलीम अली हयात नव्हते. परंतु किहीमच्या झाडाखाली त्यांनी स्वतःला जी शिस्त लावून घेतली होती, तीच त्यांच्या शिष्यांनी येथे पाळली. आधी पाहावे, मग बोलावे, आणि पाहिल्यावर आपलेच मत चुकीचे ठरले, तर तेही मान्य करावे. गुरूच्या मतापेक्षा गुरूची रीत मोठी मानणे, यापरती गुरुदक्षिणा नाही. पुढे गावकऱ्यांना उद्यानातील गवत कापून नेण्यास वाव देण्यात आला. त्यात गुरांचाही लाभ होता आणि पाखरांचाही.

सलीम अलींनी आपले ज्ञान स्वतःपाशी कोंडून ठेवले नाही. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने हजारो वाचकांना पक्षी ओळखण्यास शिकविले. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. ते खंड १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडले. ज्यांना एके काळी पदवीवाचून नोकरी नाकारली गेली, त्यांना विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हा किताब मिळाला. गेटी पारितोषिक म्हणून मिळालेली मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर खारफुटीचे एक लहानसे रान आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरांचे हे पक्षी अभयारण्य सलीम अलींच्या नावाने ओळखले जाते. आकाराने ते लहान असले, तरी जागा नेमकी निवडलेली आहे, म्हणून पाखरे तेथे नांदतात. मराठवाड्यातही पैठणच्या जायकवाडी जलाशयास १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची बदके व रोहित पक्षी उतरतात. किल्लारीहून फार दूर नसलेल्या धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाटाचे रान १९९७ साली अभयारण्य झाले. पाणी, डोंगर आणि माळ, असे तिन्ही प्रकारचे आश्रय याच भूमीत आहेत.

तरीही सर्वच घरांवर अभयारण्याची पाटी लागत नाही. गावाशेजारचा एखादा ओढा, देवराई, तळे किंवा माळ यांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. अशा जागा राखल्या जातात, त्या तेथील माणसांच्या जाणतेपणावर. किल्लारीच्या परिसरातील माळावर आजही पहाटे चंडोल गातो. तो माळ पडीक आहे की नांदता आहे, याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी कोणीतरी पहाटे उठून तेथे जावे लागेल, निमूटपणे उभे राहावे लागेल आणि जे दिसेल, ते वहीत टिपून ठेवावे लागेल. पिवळ्या गळ्याची एक चिमणी हाती घेऊन जो मुलगा विचारण्यासाठी घराबाहेर पडला, त्याने आयुष्यभर एवढेच केले आणि त्यातूनच एवढे मोठे कार्य उभे राहिले.